शेवटच्या धावपटूचे छायाचित्र

(क्रीडा-कार्यकर्ते आणि हौशी छायाचित्रकार यांच्यासाठी नाशिक येथे झालेल्या एका शिबिरातील व्याख्यानाचा हा संपादित भाग.)



सामूहिक धाव आणि तिचे छायाचित्रण असा विषय आयोजकांनी मला सुचवला, तेव्हा तेथे बसलेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने मोकळेपणाने एक शंका विचारली. ते म्हणाले, "आपला कार्यकर्ता प्रसिद्धिपराङ्मुख असावा, असे आपण शिकवतो. मग धावणाऱ्यांच्या मागे कॅमेरे घेऊन पळायचे ते कशासाठी?" शंका योग्य आहे आणि तिचे उत्तर दिल्याखेरीज पुढे जाणे बरे नाही.

आपल्या नाशिक आणि त्र्यंबकेश्वर या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या वह्या आहेत. नामावळी म्हणून आपण त्या ओळखतो. आडनाव कोणते, गाव कोणते, बरोबर कोण आले होते, कोणत्या निमित्ताने आले होते, हे सारे पिढ्यान्‌पिढ्या त्यांत लिहिले गेले आहे. दूरच्या प्रांतातून आलेला एखादा गृहस्थ आपल्या पणजोबांची स्वाक्षरी तेथे पाहतो आणि गहिवरून जातो. त्या वहीत नाव लागण्यासाठी सरदार किंवा सावकार असावे लागत नसे. गोदास्नानाला आलेला साधा शेतकरीही तीत नोंदला जाई. या वहीला कोणी प्रसिद्धी म्हणणार नाही. प्रसिद्धी आज मिरवण्यासाठी असते. नोंद मात्र उद्या येणाऱ्यासाठी ठेवलेली असते.

सामूहिक धावेच्या छायाचित्रांकडे मी त्या वहीच्या दृष्टीने पाहतो. आज मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे, की ही वही आपण नीट लिहीत नाही. तिच्या पहिल्या पानावर पाहुण्यांची दाटी होते आणि धावणाऱ्यांची पाने कोरी राहतात.

धावण्याची आपली रीत

सामूहिक धाव ही शहरांनी अलीकडे आणलेली हौस आहे, असा पुष्कळांचा समज असतो. नवरात्र जवळ आले की आपल्या जिल्ह्यातील आणि खानदेशातील कितीतरी गावांचे तरुण सप्तशृंगगडावर जातात, तेथे ज्योत पेटवतात आणि ती हातोहाती घेत आपल्या गावापर्यंत धावत आणतात. त्यांतले अनेक जण अनवाणी असतात. शिवजयंतीला गडकिल्ल्यांवरून शिवज्योत आणण्याची प्रथा महाराष्ट्राच्या सर्व भागांत आहे. या धावेत पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक नसतात. एकाचे पाय थकले की दुसरा पुढे होतो. ज्योत विझू न देता वेशीपर्यंत आली, की सारे गाव जिंकलेले असते.

शहरातील संघटित धावा पुढे याच भूमीवर रुजल्या. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये सुरू झाली. मुंबईची मॅरेथॉन २००४ मध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षी, २००३ मध्ये, येथील उद्योगांच्या पुढाकाराने 'नाशिक रन' सुरू झाली. जानेवारीच्या थंडीत महात्मानगरच्या मैदानाकडे लोटणारी ती गर्दी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे, अनेकजण तीत धावलेही आहेत. तिच्यातून जमणारा निधी समाजातील गरजूंसाठी वापरला जातो. मराठा विद्या प्रसारक समाजाच्या मॅरेथॉननिमित्त गंगापूर रस्ता पहाटेच गजबजतो. १२ जानेवारीच्या युवा दिनाला आणि ३१ ऑक्टोबरच्या एकता दिनाला होणाऱ्या धावा तर आता तालुक्यातालुक्यांत पोहोचल्या आहेत.

या धावांचा स्वभाव शर्यतीपेक्षा वेगळा आहे, हे छायाचित्रकाराने पहिल्यांदा ओळखायला हवे. शर्यतीत पहिले तीन आले की बातमी पुरी होते. सामूहिक धावेत बातमी तेथून सुरू होते. आजोबांचे बोट धरून धावणारा नातू, कारखान्यातील रात्रपाळी संपवून थेट आलेला कामगार, चाकाच्या खुर्चीवरून निघालेला विद्यार्थी, वयाच्या साठीत पहिल्यांदाच पायांत धावण्याचे बूट घातलेल्या आजी, अशी सगळी माणसे एकाच रस्त्यावर असतात. एरवी ती एकमेकांना भेटत नाहीत. त्यांचे हे एकत्र येणे हाच त्या दिवसाचा विशेष असतो आणि कॅमेऱ्याला तोच टिपायचा असतो.

कॅमेऱ्याचे दोन गुण

छायाचित्रणाच्या बाबतीत नाशिककरांनी परक्या ठिकाणचे दाखले आधी शोधू नयेत. दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांनी देह ठेवला. चित्रपटाचे जनक म्हणून आपण त्यांना वंदन करतो. परंतु त्याआधी ते छायाचित्रकार होते. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय केला, पुरातत्त्व खात्यातही छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा अंकुर कसा वर येतो हे दिवसामागून दिवस एकेक चित्र घेत टिपले. 'अंकुराची वाढ' हा तो छोटा चित्रपट पाहून त्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. घरात अडचण होती, प्रकृती साथ देत नव्हती. तरी कुंडीपुढून कॅमेरा हलला नाही. जी गोष्ट सावकाश घडते आणि म्हणून कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, तिच्यासमोर चिकाटीने उभे राहणे हा छायाचित्रकाराचा धर्म फाळके यांनी घालून दिला.

डोळ्याला न दिसणारे दाखवणे हा कॅमेऱ्याचा पहिला गुण. फाळके यांनी मंदगतीतले दाखवले, त्यापूर्वी एड्वर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने शीघ्रगतीतले दाखवले होते. १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात त्याने धावपट्टीच्या कडेला ओळीने बारा कॅमेरे मांडले आणि घोडा दौडताना एका क्षणी त्याचे चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात, हे सिद्ध केले. तोवर चित्रकार घोड्याचे पाय पुढे-मागे ताणलेले रंगवीत, तेच खरे मानले जाई. माणसाच्या धावण्यातही असा क्षण असतो. चालताना एक पाय सदैव जमिनीवर टेकलेला असतो. धावताना दोन्ही पाय क्षणभर अधांतरी असतात. साठ वर्षांच्या आजींचा तो क्षण टिपून त्यांना दाखवा. आपण जमीन सोडून वर उचलले गेलो होतो, यावर त्यांचा विश्वास बसणार नाही.

कॅमेऱ्याचा दुसरा गुण साक्षीचा. त्याची दोन ठळक उदाहरणे अमेरिकेतील बोस्टन मॅरेथॉनने दिली आहेत. १९६७ मध्ये कॅथरीन स्विट्झर ही तरुणी २६१ क्रमांक लावून तेथे धावली. स्त्रियांना या शर्यतीत तेव्हा अधिकृत स्थान नव्हते. शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने भर रस्त्यात धावून जाऊन तिला धरले आणि तिचा क्रमांक ओढून काढण्याचा प्रयत्न केला. छायाचित्रकारांनी तो क्षण टिपला, तो जगभर छापला गेला. तिने शर्यत पूर्ण केली. १९७२ पासून बोस्टनमध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला. अनेकांच्या प्रयत्नांचे हे फळ होते. पण काय चालले आहे हे जगाला त्या चित्राने दाखवले.

त्याच शर्यतीत १९८० मध्ये रोझी रुईझ ही स्त्री महिलांमध्ये पहिली आली, असे जाहीर झाले. मग शंका आली. वाटेवर घेतलेली छायाचित्रे आणि चित्रफिती तपासल्या, तर बहुतेक अंतरात ती कोठेच नव्हती. तिचे विजेतेपद काढून घेण्यात आले आणि ते कॅनडाच्या जॅकलिन गारो हिला मिळाले. समाप्तिरेषेवरच्या चित्राने जे असत्य खपवले असते, ते वाटेवरच्या चित्रांनी उघडे पाडले. म्हणून मी सांगतो, की छायाचित्रकाराने वाटेवर असावे.

कोरी पाने

आता आपल्याकडच्या परिस्थितीकडे वळू. एखाद्या धावेची छायाचित्रे मागवून पाहा. झेंडा दाखवणारे पाहुणे, त्यांच्या डावी-उजवीकडे झेंड्याच्या काठीला हात लावून उभी असलेली मंडळी, दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ, बक्षीस-वितरण, आभार. धावणाऱ्यांचे एक चित्र असते, तेही आरंभरेषेवरचे, ज्यात समोरच्या रांगेतील दहा चेहरे ओळखू येतात आणि मागची हजारो माणसे ठिपके होऊन जातात.

मी वृत्तपत्रात उमेदवारी करीत होतो ती नव्वदची दशके होती. फिल्मच्या एका रिळात छत्तीस चित्रे मावत आणि प्रत्येक चित्राचा हिशेब द्यावा लागे. शालेय मुलींची एक धाव झाली होती. दुसऱ्या दिवशी कार्यालयात एक शेतकरी गृहस्थ आले. एस.टी.ने दोन गाड्या बदलून आले होते. त्यांची मुलगी दुसरी आली होती. "पेपरात फोटो आलाय म्हणतात, एक प्रत आणि जमलं तर फोटो द्या," एवढीच त्यांची मागणी. आम्ही अंक उघडला. पाहुण्यांच्या हातून पदक दिले जात असतानाचे चित्र होते. चौकटीत पाहुणे पूर्ण आले होते. मुलीचा पदक घेणारा हात आणि वेणीचे टोक तेवढे आले होते. नंतर आम्ही त्या रिळाची पट्टी प्रकाशपेटीवर धरून एकेक चित्र पाहिले. छत्तीसपैकी धावणाऱ्या मुलींची दोन निघाली आणि त्या दोहोंतही ही मुलगी नव्हती. त्या गृहस्थांनी तो अंक घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "हात तिचाच आहे. घरच्यांना मी सांगीन." कोणावर रागावले नाहीत. पण त्यांच्या घरात, त्यांच्या भावकीत, 'मुलीने पळायचे कशाला' असे विचारणाऱ्यांना दाखवायला त्यांना एक चित्र हवे होते. ते त्यांना मिळाले नाही.

एका चित्रावर काय अवलंबून असते, याची कल्पना शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना सहसा येत नाही. आपल्या घरांत अल्बम असतात, आता भ्रमणध्वनीत हजारो चित्रे पडून असतात. पाड्यावरच्या किंवा वाडी-वस्तीवरच्या मुलीचे धावताना काढलेले एकच चित्र घराच्या भिंतीवर लागते. येणारा-जाणारा ते पाहतो. मुलीला पुढच्या वर्षी सरावाला पाठवायचे की नाही, हा प्रश्न ज्या घरात दरवर्षी नव्याने उभा राहतो, त्या घरात हे चित्र मुलीच्या बाजूने बोलते.

ही शक्यता किती मोठी असते, हे नाशिक जिल्ह्याने देशाला दाखवले आहे. हरसूलजवळचे सावरपाडा हे जनजाती भागातील छोटेसे गाव. तेथली कविता राऊत नाशिकमध्ये विजेंदर सिंह यांच्या मार्गदर्शनाखाली घडली. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतरावर तिने रौप्यपदक जिंकले. २०१२ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. 'सावरपाडा एक्सप्रेस' हे नाव घराघरांत पोहोचले. तिच्यामागून आपल्याच जिल्ह्यातील मोनिका आथरे २०१७ मध्ये लंडनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत मॅरेथॉन धावली.

आजच्या त्र्यंबकेश्वर तालुक्याने देशाला चित्रपटाचा जनकही दिला आणि ही धावपटूही दिली. मग या दोन वारशांची गाठ आपण का घालू नये? दिल्ली-ग्वांगझूला कॅमेऱ्यांची कमतरता नसते. कमतरता असते ती शाळेच्या मैदानावर, आश्रमशाळेच्या वार्षिक क्रीडादिनी, तालुक्याच्या पहिल्या धावेत. उद्या ज्या मुलीचे नाव देश घेणार आहे, ती आज अशाच एखाद्या गर्दीत सतराव्या क्रमांकावर धावत असेल. ती कोण, हे आज कोणालाच ठाऊक नाही. म्हणून सगळ्यांचीच नोंद करायची.

प्रत्यक्ष काम

आता थोडे प्रत्यक्ष कामाविषयी. आदल्या दिवशी मार्ग पायी पाहून या. सूर्य कोणत्या बाजूने येईल, वळण कोठे आहे, चढ कोठे आहे, विजेच्या तारा आणि फलक कोठे मध्ये येतात, हे कागदावर लिहून काढा. नाशिकला जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो. धाव सहाला सुटत असेल तर पहिला तास अंधारात जाणार, हे धरून चला. त्या वेळी संवेदनक्षमता, म्हणजे आयएसओ, वाढवा. चित्र थोडे खरखरीत आले तरी चालेल. पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नका. धावणाऱ्याची पावले त्याने चुकू शकतात.

गतीचे गणित सोपे आहे. ताशी दहा किलोमीटरने धावणारा माणूस सेकंदाला पावणेतीन मीटर पुढे सरकतो. शटर एका सेकंदाच्या साठाव्या भागासाठी उघडले, तर तेवढ्यात तो साडेचार सेंटिमीटर सरकलेला असतो आणि चेहरा पुसट येतो. हजाराव्या भागासाठी उघडले, तर तो जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो आणि चित्र स्थिर येते. हातपाय शरीरापेक्षा वेगाने हलतात, म्हणून शक्यतो हजाराव्या भागाजवळ राहावे. सूर्य वर आल्यावर एखाद्या वेळी मुद्दाम तिसाव्या भागावर जावे आणि धावणाऱ्याबरोबर कॅमेरा फिरवावा. मागचा रस्ता वाहून जातो, माणूस ठळक राहतो आणि गती चित्रात उतरते. दहापैकी नऊ प्रयत्न वाया जातील; फिल्मचा काळ संपल्यामुळे आता ते परवडते.

उभे कोठे राहावे? आरंभरेषेवर एकच छायाचित्रकार पुरेसा आहे. बाकीच्यांनी वाटेवर पसरावे. चढाच्या माथ्यावर श्रम दिसतात, वळणावर चेहरे एकामागून एक मोकळे मिळतात, पाण्याच्या टेबलापाशी माणसे एकमेकांना मदत करताना दिसतात. रस्त्यात उतरू नका, दुचाकीवरून धावणाऱ्यांच्या अंगावर जाऊ नका. थोडे गुडघ्यावर बसा. मुलांचे चित्र मुलांच्या उंचीवरून घ्यावे, वरून घेतले की ती केविलवाणी दिसतात. आणि ड्रोनचा मोह आवरा. एका बाजूला देवळालीचे लष्करी क्षेत्र आणि दुसऱ्या बाजूला ओझरचा विमानतळ असलेल्या या शहरात परवानगीवाचून आकाशात काही उडवणे हा शिस्तभंगच आहे.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे एका कार्यकर्त्याकडे शेवटच्या धावपटूची जबाबदारी सोपवा. मंडप उतरू लागलेला असतो, ध्वनिक्षेपक बंद झालेला असतो, पाहुणे गेलेले असतात, आणि तेव्हा कोणीतरी एकटे त्या रस्त्याने येत असते. पहिला आलेला ज्या अंतरावर घाम गाळतो, तेच अंतर याने दुप्पट वेळ पायांवर उभे राहून कापलेले असते. त्याच्यासाठी समाप्तिरेषेवर एक कॅमेरा आणि दोन टाळ्या वाजवणारे हात असतील, तर पुढच्या वर्षी तो पुन्हा येईल, बरोबर आणखी दोघांना आणील. संघटनेची वाढ अशीच होत असते, हे तुम्हांला मी सांगायला नको.

चित्राखाली ओळ लिहिणे हे कामाचे अर्धे अंग आहे. बुलढाणा जिल्ह्यातून आलेल्या लता भगवान करे बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या गटात नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. नुसते चित्र पाहणारा 'काय गंमत आहे' म्हणून पुढे गेला असता. पतीच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून ही माउली धावली, हे शब्दांनी सांगितले तेव्हा चित्राचा अर्थ कळला. पुढे २०२० मध्ये त्यांच्या जीवनावर चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले आणि राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. म्हणून छातीवरचा क्रमांक चित्रात स्पष्ट घ्या, क्रमांकांची यादी आयोजकांकडून मिळवा आणि नाव, गाव, वर्ष लिहा. नावाशिवायचे चित्र दहा वर्षांनी कोणाचेच नसते.

मर्यादा

ज्याच्या हाती साधन असते त्याला मर्यादाही पाळावी लागते. धावताना कपडे घामाने भिजतात, अस्ताव्यस्त होतात, चेहरा वेडावाकडा होतो. विशेषतः भगिनींची चित्रे निवडताना एकच कसोटी लावा: हे चित्र तिच्या आई-वडिलांसमोर, तिच्या सासरी, तिच्या शाळेच्या फलकावर लावता येईल का? मनात शंका आली तर ते चित्र पुसून टाका. एका चुकीच्या चित्रामुळे एखाद्या मुलीचे धावणे कायमचे थांबू शकते आणि त्या नुकसानीची भरपाई कोणीही करू शकत नाही. जे चित्र तिच्या बाजूने बोलू शकते, तेच तिच्या विरुद्धही वापरले जाऊ शकते.

कोणी कोसळला तर आधी कॅमेरा खाली ठेवून त्याला हात द्या, वैद्यकीय पथकाला बोलवा. मुलांची चित्रे नाव-पत्त्यासह सामाजिक माध्यमांवर टाकण्यापूर्वी पालकांना आणि शाळेला विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. पण कायदा नसता तरी दुसऱ्याच्या लेकराविषयी एवढा विवेक आपण पाळलाच असता. छातीवरच्या क्रमांकावरून किंवा चेहऱ्यावरून चित्रे शोधून देणाऱ्या आणि त्यांची विक्री करणाऱ्या संस्था आता अनेक धावांत असतात. व्यवसाय म्हणून त्यात गैर काही नाही. मात्र ज्याला तीनशे रुपये देणे जमत नाही, त्याची नोंद पैशांवाचून राहू नये, एवढे आपण पाहू शकतो.

आणखी एक. चित्र रचू नका. धाव संपल्यावर पाहुण्यांना दहा पावले पळायला लावून काढलेले चित्र सगळ्यांना ओळखू येते. त्याच चौकटीत शेजारी खरे धावून आलेले लोक पाणी पीत उभे असतात आणि तेही हा प्रकार पाहत असतात. पाहुण्यांचा योग्य मान राखावा, त्यांचे एक नीट चित्र घ्यावे आणि पुढे निघावे. जे पाहुणे स्वतः धावतात, त्यांचे चित्र वाटेवर आपोआप मिळते.

वही जपायची आहे

शेवटचा मुद्दा जतनाचा. पूर्वी चित्रे थोडी होती, पण कागदावर होती, म्हणून टिकली. आज एका धावेची पाच-दहा हजार चित्रे निघतात आणि भ्रमणध्वनी बदलला की नाहीशी होतात. प्रत्येक धावेनंतर शंभर चित्रे निवडा. त्यांना नावे आणि तारखा द्या. दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. त्यांतली दहा कागदावर छापून घ्या आणि गावच्या वाचनालयात द्या. ज्या शाळांची मुले धावली, त्या प्रत्येक शाळेला एक चित्र चौकटीसह नेऊन द्या. टपालाने पाठवू नका, स्वतः जा. मुख्याध्यापकांच्या खोलीत ते लागेल, त्याखाली पाच नावे असतील, आणि पुढच्या वर्षी त्या नावांकडे पाहणारी मुले मैदानावर येतील. खर्च फार नाही. मंडपाच्या एका कमानीचे पैसे वाचवले तरी सगळ्या शाळांना चित्रे पोहोचतात.

ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या शंकेचे उत्तर माझ्या दृष्टीने हेच आहे. प्रसिद्धिपराङ्मुख राहायचे ते आपण, आयोजकांनी आणि छायाचित्रकारांनी. आपले नाव चित्रावर नसले तरी चालेल. वही लिहिणाऱ्या तीर्थोपाध्यायांचे नाव यात्रेकरू विचारत नाही, तो आपल्या पणजोबांचे नाव शोधतो. पन्नास वर्षांनी आपल्या आजीला धावताना पाहायला कोणी नाशिकला आले, तर ते पान त्याला सापडले पाहिजे.

तेव्हा येत्या धावेला कॅमेरा घेऊन या, वाटेवर उभे राहा, नावे लिहून घ्या आणि शेवटचा माणूस येईपर्यंत जागा सोडू नका.